बाटलीवरचं नाव आणि बाटलीतलं औषध : कर्नल रामनाथ चोप्रा

स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या मंडळींचा निरोप आला, की प्रत्येकाने आपल्या व्यवसायातल्या एका थोर व्यक्तीची ओळख करून द्यावी. शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला विचार करावा लागला नाही. गेली सव्वीस वर्षं मी नर्सिंगच्या आणि फार्मसीच्या मुलामुलींना औषधशास्त्र शिकवते आहे. दरवर्षी पहिल्या तासाला मी त्यांना एकाच माणसाचं नाव सांगते, आणि दरवर्षी वर्गातल्या एकालाही ते ठाऊक नसतं. कर्नल सर रामनाथ चोप्रा. भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून आमच्या पुस्तकांत त्यांचा एका ओळीत उल्लेख असतो. त्या ओळीमागचं आयुष्य आपल्या सगळ्यांना माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं. कारण आपल्या ग्रुपवर तुम्ही मला ज्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाठवता आणि ही घेऊ का, ती चालेल का, असं विचारता, त्या पाकिटावरच्या प्रत्येक ओळीशी त्यांचा संबंध आहे.

आठवीतला एक तास तुम्हाला आठवत असेल. विज्ञानाच्या सरांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एकीवर मीठ लिहिलं होतं, दुसरीवर खाण्याचा सोडा. आम्ही वहीत निरीक्षणं लिहून मोकळे झालो. मग सरांनी मिठाच्या बाटलीतली पूड बशीत घेतली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. फसफसून फेस आला. लेबलं मुद्दाम उलटी लावली होती. सगळ्या वर्गाला शून्य मार्क मिळाले. त्या शून्याचा अर्थ मला कळायला पुढे बारा वर्षं आणि एक वाईट दिवस लागला. त्याबद्दल पुढे लिहितेच.

रामनाथ चोप्रांचा जन्म १७ ऑगस्ट १८८२ रोजी पंजाबातल्या गुजराँवाला इथे झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकून ते केंब्रिजला गेले. डाउनिंग कॉलेजात निसर्गविज्ञानाची पदवी घेतली आणि पुढे वैद्यकी शिकले. तिथे त्यांना वॉल्टर डिक्सन नावाचे गुरू भेटले. डिक्सन हे इंग्लंडमधले त्या काळचे नावाजलेले औषधशास्त्रज्ञ. त्या वेळी औषधशास्त्र हा नवा विषय होता. त्याआधी वैद्यकीच्या विद्यार्थ्याला औषधांची यादी पाठ करावी लागे : कोणतं मूळ, कोणती साल, कशावर देतात, किती देतात. औषध शरीरात जाऊन नेमकं काय करतं, हृदयाची गती का बदलते, रक्तदाब का उतरतो, किती मात्रेपर्यंत ते औषध असतं आणि कुठून विष होतं, हे प्रयोगशाळेत मोजून पाहायचं, ही दृष्टी नुकती रुजत होती. चोप्रांनी ती डिक्सनकडून उचलली.

१९०८ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. ही मुळात लष्करी सेवा. त्यामुळे त्यांच्या नावामागे आयुष्यभर कर्नल लागलं. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर आणि नंतर अफगाण युद्धात त्यांनी काम केलं. प्रयोगशाळेची ओढ असलेल्या माणसाची दहा-बारा वर्षं अशी छावण्यांत गेली. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. खरं काम तिथे सुरू झालं. पुढे १९३५ ते १९४१ ते त्याच संस्थेचे संचालक होते.

सर लिओनार्ड रॉजर्स यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली ही संस्था हिवताप, काळा आजार, आमांश, कुष्ठरोग अशा आपल्याकडच्या रोगांसाठी होती. चोप्रांनी तिथे औषधशास्त्राचा विभाग शून्यातून उभा केला. विद्यार्थी तयार केले. त्यांतले बिष्णुपद मुखर्जी पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक झाले.

या विभागाने हाती घेतलेला एक प्रश्न दिसायला साधा होता. विलायतेहून आलेलं औषध आपल्या हवेत टिकतं का? उदाहरण डिजिटॅलिसचं. हे एका फुलझाडाच्या पानांपासून केलेलं औषध, थकलेल्या हृदयासाठी दिलं जायचं. त्यात कोणता रासायनिक घटक किती आहे, हे त्या काळी रसायनाच्या साध्या चाचणीने कळत नसे. म्हणून त्याची ताकद प्राण्यांवर मोजत. ठराविक मात्रेचा परिणाम किती होतो ते पाहायचं आणि ठरवून दिलेल्या प्रमाण नमुन्याशी त्याची तुलना करायची. याला जैविक प्रमाणीकरण म्हणतात. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या डिजिटॅलिसच्या अर्कांची अशी तपासणी केली. इंग्लंडमधून निघताना जी ताकद असायची, ती इथल्या उष्ण, दमट हवेत साठवणीत कमी होत जात होती. बाटली तीच, बूच तेच, लेबल तेच. आतलं औषध मात्र तेवढं उरलेलं नसायचं. डॉक्टर पुस्तकातली मात्रा देत आणि रोग्याला गुण येत नसे. मग डॉक्टर मात्रा वाढवी. तेवढ्यात नवी, पूर्ण ताकदीची बाटली आली, की तीच वाढवलेली मात्रा जिवावर बेतू शके. डिजिटॅलिसमध्ये गुण येण्याची मात्रा आणि विषबाधेची मात्रा यांत अंतर फार थोडं असतं.

हे मी प्रथम वाचलं ते एका ग्रंथालयात, आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आता तो वाईट दिवस सांगते.

पदवीनंतर माझी पहिली नोकरी एका छोट्या रुग्णालयाच्या औषधभांडारात होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये भांडारातला फ्रिज बंद पडला. मी वरिष्ठांना सांगितलं. बघू, असं उत्तर मिळालं. मी पुन्हा सांगितलं नाही, लेखी तर दिलंच नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी जी इंजेक्शनं देतात, ती थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायची असतात. ती सगळा मे महिना खिडकीजवळच्या मांडणीवर होती. मुदत संपायला वर्षभर अवकाश होता. लेबलं स्वच्छ होती. प्रसूतिगृहातून मागणी आली, की मी तारीख बघून देत होते. मे संपता संपता एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. इंजेक्शन दिलं, दुसरं दिलं, हवा तसा परिणाम दिसेना. शेवटी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. ती वाचली. बाळही सुखरूप होतं. रक्तस्राव इंजेक्शनमुळे थांबला नाही की आणखी कशामुळे, हे कोणी तपासलं नाही, आणि आता कधीच कळणार नाही. मी ते उरलेले अँप्यूल उजेडात धरून पाहिले. त्यांना किंचित रंग चढला होता. महिनाभर ते माझ्या नजरेसमोर होते.

पुढे शिकायला गेले तेव्हा चोप्रांचं काम वाचनात आलं. औषध उष्णतेने मरतं, आणि मेलं तरी लेबल बदलत नाही, ही गोष्ट या देशात, या हवेत, मी जन्मायच्या चाळीस वर्षं आधी कोणीतरी मोजून लिहून ठेवली होती. मला ती परीक्षेपुरती पाठ होती. सरांनी दिलेलं शून्य मला तेव्हा पोचलं.

आता चोप्रांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामाकडे वळते. त्यासाठी १९२० च्या दशकातला औषधबाजार डोळ्यांसमोर आणायला हवा. अफूसाठी कायदा होता, विषांच्या विक्रीसाठी होता. पण औषध खरं आहे की खोटं, पुरेशा ताकदीचं आहे की नाही, हे पाहणारा कायदा देशभरासाठी नव्हता. कोणीही औषध तयार करावं, कोणीही आयात करावं, कोणीही विकावं. दुकानात बसणाऱ्याला शिक्षणाची अट नव्हती. सगळ्यात बोभाटा झाला तो कोयनेलचा. आपल्या आज्या ज्याला कोयनेल म्हणत, ते क्विनीन. सिंकोना झाडाच्या सालीपासून काढलेलं. हिवतापावर त्या काळी दुसरं भरवशाचं औषध नव्हतं. गोळीत लिहिल्यापेक्षा कमी कोयनेल असलं, तर ताप वरवर उतरतो, जंतू शिल्लक राहतो आणि ताप पुन्हा चढतो. रोगी म्हणतो औषध वाईट, डॉक्टर म्हणतो रोग हट्टी. भेसळ करणाऱ्याचं नाव कोणीच घेत नाही.

या तक्रारी कायदेमंडळापर्यंत पोचल्या. १९२७ मध्ये दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये सर हारून जाफर यांनी औषधांच्या दर्जावर आणि विक्रीवर नियंत्रण आणावं, असा ठराव मांडला. हे जाफर आपल्या पुण्याचे. त्या ठरावानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट १९३० मध्ये सरकारने औषध चौकशी समिती नेमली आणि अध्यक्षपद चोप्रांना दिलं. समितीत मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधले फादर केयस हेही होते. ते जेसुइट धर्मगुरू आणि औषधी वनस्पतींचे जाणकार. समितीने प्रश्नावल्या पाठवल्या, प्रांतोप्रांती फिरून डॉक्टरांच्या, कारखानदारांच्या, दुकानदारांच्या साक्षी घेतल्या. १९३१ मध्ये अहवाल सादर झाला.

हा अहवाल चोप्रा समितीचा अहवाल म्हणून ओळखला जातो. त्यातल्या शिफारशी आज वाचताना नवल वाटत नाही, कारण आपण त्यांच्याच चौकटीत राहतो आहोत. सगळ्या देशाला लागू होईल असा औषधांचा कायदा हवा. औषधाचा दर्जा कशावरून ठरवायचा, याची मानकं हवीत. वाद झाला तर ज्याचा शब्द मानायचा, अशी एक मध्यवर्ती प्रयोगशाळा हवी. आणि औषध देणारा माणूस शिकलेला, नोंदणी झालेला हवा. या शेवटच्या मुद्द्याला मी फार महत्त्व देते. तोपर्यंत आपल्याकडे कंपाउंडर होते, पण औषधनिर्माण हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. समितीने तो असायला हवा, असं मांडलं. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. फार्मसीचा कायदा मात्र व्हायला १९४८ साल उजाडलं.

अहवाल आला आणि सरकार स्वस्थ बसलं. नुसतं एक वर्ष नाही, नऊ वर्षं. मधल्या काळात कोयनेलच्या हलक्या गोळ्या विकल्या जात होत्याच. १९३७ मध्ये एक विधेयक आलं, पण ते फक्त आयात होणाऱ्या औषधांपुरतं होतं. देशात तयार होणाऱ्या औषधांबद्दल त्यात काहीच नव्हतं. अर्धा कायदा नको, सगळा हवा, असा आग्रह झाला आणि ते विधेयक मागे पडलं.

त्याच १९३७ साली अमेरिकेत काय घडलं, ते सांगायला हवं. सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध तिथे गोळीच्या रूपात वापरात होतं. एका कंपनीने त्याचं गोड पातळ औषध केलं आणि ते विरघळवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं. हे मूत्रपिंडं निकामी करणारं विष आहे. कंपनीने चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. ते शरीरात काय करतं, हे पाहिलं नाही, कारण तिथल्या कायद्याने ते बंधनकारक नव्हतं. शंभरावर माणसं दगावली. त्यांत पुष्कळ मुलं होती. औषध जप्त करण्यासाठी सरकारला आधार सापडला तो एवढाच, की त्याच्या नावात एलिक्सर हा शब्द होता आणि एलिक्सर म्हटलं की त्यात मद्यार्क असायला हवा, तो नव्हता. माणसं मेली हा गुन्हा नव्हता, नाव चुकलं हा गुन्हा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलला. औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा देणं सक्तीचं झालं. मुलांना मी हे नेहमी सांगते. मानक हे भिंतीवर टांगायचं प्रमाणपत्र नाही. प्रत्येक मानकामागे कोणाच्या तरी घरचं दुःख असतं.

आपल्याकडे अखेर १० एप्रिल १९४० रोजी औषध कायदा झाला. आयात, निर्मिती, वितरण आणि विक्री या चारही गोष्टी त्यात आल्या. नियम व्हायला १९४५ चा डिसेंबर लागला आणि प्रत्यक्ष अंमल आणखी पुढे गेला. आज ज्याला आपण ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स अॅक्ट म्हणतो, तो हाच, पुढे दुरुस्त होत गेलेला. कायदा येण्याआधीच, १९३७ मध्ये, कलकत्त्यात चोप्रांच्या देखरेखीखाली एक प्रमाणीकरण प्रयोगशाळा सुरू झाली होती. तिचीच पुढे केंद्रीय औषध प्रयोगशाळा झाली. कायदा कागदावर यायची वाट न पाहता मोजायची सोय आधी करून ठेवली, हे मला त्यांच्या स्वभावाचं खरं दर्शन वाटतं. स्वतंत्र भारताची स्वतःची औषधसंहिता, म्हणजे इंडियन फार्माकोपिया, १९५५ मध्ये निघाली. तिच्या आधीची पायरी म्हणजे १९४६ ची यादी. तीही चोप्रांच्या अध्यक्षतेखाली तयार झाली होती.

फार्माकोपिया म्हणजे काय, असं घरचे विचारतात, तेव्हा मी पॅरासिटामॉलच्या गोळीचं उदाहरण देते. पाकिटावर ५०० मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर आत सरासरी ४७५ ते ५२५ च्या दरम्यान असलंच पाहिजे, असं ते पुस्तक सांगतं. ते मोजायचं कसं, हेही सांगतं. गोळी पोटात वेळेत विरघळते की नाही, हे तपासायची रीतही त्यात आहे. गोळीत पूर्ण औषध असून ती विरघळली नाही, तर रोग्याच्या दृष्टीने ती खडूच. औषध ते आहे का, शुद्ध आहे का, पुरेसं आहे का, आणि रोग्यापर्यंत पोचेस्तोवर टिकलं आहे का. चोप्रांच्या सगळ्या कामाचा सारांश या चार प्रश्नांत येतो, असं मी समजते.

कायद्यातली एक तरतूद मला विशेष आवडते. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, तेव्हा त्याची योग्य किंमत दुकानदाराला देऊ करावी लागते. मग नमुन्याचे चार भाग करून दुकानदारासमक्ष सीलबंद करतात. एक दुकानदाराकडे राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी आणि एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. निरीक्षकाच्या शब्दावरही कायदा डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. तुझं खोटं असेल तर तपासू, पण आमचं खोटं असेल तर तेही तुला तपासता यावं. बाटलीवर लिंबू पिळण्याचा हक्क दोघांनाही आहे.

चोप्रांची दुसरी आवड म्हणजे देशी औषधी. विलायती औषधं महाग, आयातीवर अवलंबून, आणि इकडे रानोमाळ झाडपाला. त्यातलं खरं कामाचं काय, हे त्यांना शोधायचं होतं. शेकडो वनस्पती त्यांच्या विभागात तपासल्या गेल्या. १९३३ मध्ये त्यांचा भारतातल्या देशी औषधांवरचा मोठा ग्रंथ निघाला. आजही तो आमच्या ग्रंथालयात मागणीत असतो. परंपरा म्हणून मान डोलवायची नाही आणि गावठी म्हणून हसायचंही नाही, ही त्यांची रीत. जी परीक्षा कोयनेलला, तीच अडुळशाला.

सर्पगंधेची गोष्ट यातली सगळ्यात सुंदर. साप चावल्यावर, वेड लागल्यावर, झोप येत नसल्यास तिची मुळी देत. १९३१ च्या सुमाराला देशात दोन-तीन ठिकाणी तिच्यावर काम सुरू झालं. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये तिच्यातल्या एका द्रव्याने प्राण्यांचा रक्तदाब उतरतो, हे दाखवलं. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो छापला, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातलं रेसर्पीन वेगळं काढलं. उच्च रक्तदाबावरच्या पहिल्या कामाच्या औषधांपैकी ते एक. मन उदास होण्यासारख्या दुष्परिणामांमुळे ते आता फारसं देत नाहीत. अधिक चांगली औषधं आली. परवाच्या बैठकीत चहाबरोबर आपल्यातल्या निम्म्या जणांनी खिशातून बीपीची गोळी काढली, तेव्हा मला सर्पगंधा आठवली. गोळी वेगळी असली तरी वाट तिथूनच सुरू झाली.

चोप्रांवर दोन्हीकडून टीकाही झाली. १९४६ मध्ये देशी वैद्यकपद्धतींचा विचार करण्यासाठी सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४८ मध्ये आला. आधुनिक आणि देशी वैद्यक यांचा मेळ घालून एकच शिक्षण द्यावं, असा त्याचा रोख होता. ही शिफारस तशीच्या तशी अमलात आली नाही. आधुनिक वैद्यकातल्यांना हे पाऊल मागे जाणारं वाटलं. शुद्ध आयुर्वेदाच्या पुरस्कर्त्यांना वाटलं, की हा आपल्या शास्त्राला दुसऱ्याच्या तराजूत घालतो आहे. मला स्वतःला एक गोष्ट खटकते. १९४० च्या कायद्यात आयुर्वेदिक आणि युनानी औषधांचा समावेश नव्हता, तो १९६४ च्या दुरुस्तीने झाला. दोन्ही औषधांना एकच तराजू, असं म्हणणाऱ्या माणसाच्या कामातून निघालेल्या कायद्याने चोवीस वर्षं एक बाजार मोकळा सोडला. याचा दोष त्यांना किती द्यायचा, हा वेगळा प्रश्न. अहवाल लिहिणं त्यांच्या हातात होतं, कायदा करणं नव्हतं.

१९४१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच सुमाराला कलकत्ता सोडून ते जम्मू-काश्मीरला गेले. तिथल्या औषध संशोधन प्रयोगशाळेची धुरा त्यांनी १९५७ पर्यंत सांभाळली. पुढे ती प्रयोगशाळा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली आणि आजही जम्मूत काम करते आहे. १९४८ मध्ये पाटण्याला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींचा कोश १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. १३ जून १९७३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, श्रीनगरला त्यांचं निधन झालं. १९८३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. आपण तेव्हा शाळेतच होतो.

मग सगळं ठीक झालं का? नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या चौदा रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरॉलमध्ये तेच विष होतं, जे १९३७ मध्ये अमेरिकेत मुलांच्या पोटात गेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. आपल्याकडे कायदा होता, प्रयोगशाळा होती, निरीक्षक होते, मानक पुस्तकात छापलेलं होतं. तरी माल खरेदी होऊन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचला. कायदा स्वतःहून बाटली उघडत नाही. ती कोणीतरी उघडावी लागते, आणि त्या कोणीतरीच्या जागी मी एकदा होते.

म्हणून वर्गात मी चोप्रांची गोष्ट सांगून झाली, की माझी मे महिन्याची गोष्टही सांगते. पहिली काही वर्षं लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण मुली ती विसरत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी आज तालुक्याच्या ठिकाणी परिचारिका आहे. फ्रिजचं तापमान ती दिवसातून दोनदा वहीत लिहिते. फ्रिज बिघडला तेव्हा तिने लेखी दिलं, उत्तर आलं नाही तेव्हा पुन्हा लेखी दिलं, आणि औषधं शेजारच्या केंद्रात हलवली. तिने फोन करून एवढंच कळवलं, की वहीत एकही रकाना रिकामा ठेवलेला नाही.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या पाकिटांच्या फोटोंना मी यापुढेही उत्तरं देईन. पण माझ्यासाठी एवढं करा. औषध घेताना बिल मागा, त्यावर बॅच नंबर असतो. काही बिघडलं तर माग काढायला तोच धागा. लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. इन्सुलिन घरच्या फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेवा, आणि गोठू देऊ नका. गोळीचा रंग बदलला, ती चुरली, डाग पडले, तर मुदत शिल्लक असली तरी दुकानात परत न्या. औषधाने त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा आणि तो नोंदवायला लावा.

आणि सर, मेळाव्याला तुम्ही येणार आहात असं कळलं. ते शून्य मी अजून खोडलेलं नाही. पण आता दरवर्षी जूनमध्ये मीही दोन बाटल्यांची लेबलं उलटी लावते आणि वर्गात लिंबू घेऊन जाते.